टक् म्हणजे पेशी

माझ्या नजरेतून चूक सुटत नाही. ही फुशारकी नाही, वस्तुस्थिती सांगतोय. गेली बावीस वर्षं मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. म्हणजे लोक जे लिहितात ते छापून जगासमोर जाण्याआधी मी वाचतो आणि त्याचं तोंड धुऊन, भांग पाडून मग बाहेर सोडतो. एका डॉक्टरांच्या पुस्तकात 'रोग्यास दुपारी झोपवावे' याच्या जागी 'रोग्यास दुपारी झोडपावे' असं पडलं होतं. ते मी पकडलं. डॉक्टरांनी येऊन माझे दोन्ही हात धरले. रोग्यांना यातलं काही कळलंच नाही, पण चांगल्या कामाचं असंच असतं.

तर त्या शुक्रवारी मालकांनी मला आत बोलावलं आणि कागदांचा एक गठ्ठा पुढे सरकवला. 'पेशी आणि रेणवीय जीवशास्त्र : मूलभूत संज्ञा.' चौसष्ट पानं. कुणी प्राध्यापिका बाई होत्या, त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी एकेका शब्दाचा अर्थ सोप्या भाषेत लिहिला होता.

"सोमवारी सकाळी दहाला यंत्रावर चढवायचंय," मालक म्हणाले. "जमेल ना? विषय जड आहे."

"मालक, विषय लिहिणाऱ्याला जड असतो," मी म्हणालो. "मला काय, ऱ्हस्व आणि दीर्घ."

खरं सांगायचं तर जीवशास्त्राशी माझा शेवटचा संबंध दहावीत आला होता. तेव्हा कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी काढायला सांगितल्या, तर मी काढलेली आकृती पाहून सरांनी विचारलं होतं, "हे कुठल्या इमारतीचं बांधकाम आहे?" पण ते मालकांना सांगायचं काही कारण नव्हतं.

अडचण वेगळीच निघाली. मुद्रितं तपासायला दोन माणसं लागतात. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून पडताळायचं. माझा वाचणारा जोडीदार कागदावर असेल तेवढंच बोलतो, स्वतःचं असं काही बोलत नाही, म्हणून छापखान्यात त्याला सगळे 'पूर्णविराम' म्हणतात. त्या दिवशी पूर्णविरामाची अक्कलदाढ काढली होती. गालाला पट्टी बांधून तो खुणा करत बसला होता. खुणांनी 'तंतुकणिका' कशी वाचणार? मग मी आयुष्यात पहिल्यांदाच काम घरी घेऊन आलो.

आता घराबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं घरामुळेच झालं. घर सासूबाईंचं. सासरे गेल्यावर त्या एकट्या पडल्या, म्हणून सहा वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो. आमचा मुलगा परगावी शिकतो. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. बाहेरच्या खोलीत बायकोचं शिवणाचं मशीन आणि कापडं बेतायचं मोठं टेबल. आत सासूबाईंची खोली. मध्ये जी भिंत आहे ती भिंत कसली, रंग दिलेली फळी आहे.

सासूबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. कानाला यंत्र लावून लावून उजवा कान गेला. डावा मात्र असा आहे की स्वयंपाकघरात डब्याचं झाकण निघालं तर डबा कशाचा ते त्यांना खोलीतून कळतं. आणि जोडणी हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे अर्धं वाक्य कानावर पडलं की उरलेलं अर्धं त्या स्वतः जोडून देतात. बहुतेक वेळा बरोबर जोडतात, हेही सांगायला हवं.

शनिवारी दुपारी मी बायकोला टेबलाशी बसवलं.

"वाचीन," ती म्हणाली, "पण मी वाचीन तसं. मध्ये मध्ये माझे उच्चार सुधारायचे नाहीत."

पहिल्या पानावर 'पेशी' हा शब्द एकोणीस वेळा होता. दुसऱ्यावर बावीस. तिसऱ्या पानावर तिने कागद खाली ठेवला.

"या बाईंना दुसरा शब्द येत नाही का? पेशी, पेशीत, पेशीला, पेशींचं. माझी जीभ आता चिकटायला लागलीय. अहो, असं करू, पेशी आली की मी नुसतं टक् करते." सुई टोचू नये म्हणून तिने बोटात धातूचं अंगुस्तान घातलं होतंच. ते तिने टेबलावर वाजवून दाखवलं. टक्.

युक्ती मला आवडली. छापखान्यातही पूर्णविराम आला की आम्ही टेबल वाजवतो. शिवाय पेशी या शब्दात चुकण्यासारखं आहे काय? मी हो म्हणालो. मग तिला आणखी चेव आला. अवघड शब्द आला की ती त्याचा सोपा करून वाचायला लागली. मातृपेशी म्हणजे आई-टक्. कन्यापेशी म्हणजे मुलगी-टक्.

"मूळ अक्षरं तशीच वाच," मी म्हणालो.

"छापलेलं तुमच्या समोर आहे ना? मग बघा की. नाहीतरी तुमच्या नजरेतून सुटत नाही म्हणता."

मी छापलेल्या कागदावर बोट ठेवलं.

काम झपाट्याने पुढे गेलं. मला तर विषयाची गोडी लागली. पेशी नावाची एवढीशी वस्तू, पण तिचा कारभार एखाद्या कचेरीला लाजवील असा. मध्ये केंद्रक बसलेलं, ते हुकूम सोडणार. निरोप्या आरएनए तो हुकूम लिहून घेऊन बाहेर पळणार. रायबोसोम त्याबरहुकूम प्रथिनं बनवणार. आणि मग एक नोंद अशी आली की मी बायकोला थांबवून ती दोनदा वाचायला लावली. डीएनएची नक्कल होताना चुकलेलं अक्षर जागच्या जागी पकडून दुरुस्त करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, पेशीत असतं, आणि त्या कामाला शास्त्रज्ञ काय म्हणतात? मुद्रितशोधन!

"म्हणजे तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या अंगात कोट्यवधी मुद्रितशोधक आहेत," मी म्हणालो.

"एकच मला पुरतो," बायको म्हणाली. "पुढे वाचू?"

मी अभिमानाने फुगून खिडकीबाहेर बघत होतो. ती पुढे वाचत राहिली. त्या चार-पाच ओळींवर माझं बोट फिरलं, नजर फिरली नाही. पण ते पुढे येईलच.

याच वेळी पलीकडे सासूबाईंची वामकुक्षी संपली होती. आम्ही काय करत बसलोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त फळीपलीकडून मुलीचा आवाज येत होता, आणि मधूनमधून टक्. त्यांना काय ऐकू गेलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा गोंधळ समजायला सोपा जाईल.

मुलगी म्हणत होती, "विभाजन झाल्यावर आई, टक्, शिल्लक राहत नाही. तिच्या जागी दोन मुली, टक्, असतात. दोघींना सगळं समान मिळतं. दोघींच्या मधोमध नवी भिंत तयार होते."

जावई म्हणत होते, "बरोबर आहे. पुढे."

थोड्या वेळाने मुलगी म्हणाली, "नियोजित, टक्, मृत्यू. शरीराला नको असलेली किंवा निकामी झालेली, टक्, आतून संदेश मिळताच स्वतःला संपवते. शेजारच्या, टक्, तिचे अवशेष गिळून टाकतात. त्यामुळे आसपास काहीही गडबड होत नाही."

जावई म्हणाले, "सुरेख. हे असंच राहू दे. सोमवारच्या आत उरकलं पाहिजे."

संध्याकाळी चहाला सासूबाई बाहेर आल्या त्या अगदी गप्प. एरवी चहात साखर कमी पडली की त्या पहिल्या घोटाला सांगतात. त्या दिवशी बायको साखर घालायलाच विसरली होती, तरी त्यांनी पूर्ण कप संपवला. मग खोलीभर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "जावईबापू, सोमवारीच आहे का?"

मला वाटलं, बायकोने त्यांना पुस्तकाचं सांगितलं असेल.

"सोमवारी सकाळी दहाला," मी म्हणालो.

"एवढी घाई?"

"लांबवून काय उपयोग? एकदा उरकलं की सगळेच मोकळे."

त्यांनी मान डोलावली, कप उचलला आणि आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या खोलीचं दार लागलं आणि आतून फोनवर हळू आवाजात बोलणं ऐकू आलं. धाकट्या मुलीशी बोलत असतील म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. धाकटीशीच बोलत होत्या.

रविवारी सकाळी बायको कुणाचे तरी शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. मी दाढी करत होतो. बेल वाजली. अर्धा गाल साबणात ठेवून दार उघडलं, तर समोर मेहुणी आणि साडू. दोन तासांचा बसचा प्रवास करून सकाळी साडेआठला हजर. साडूंचा फरश्यांचा धंदा आहे. त्यांच्या पट्ट्याला मोजायची टेप कायम अडकवलेली असते, जशी शिकाऱ्याच्या कमरेला सुरी.

"या या," मी म्हणालो. "अचानक?"

"अचानक आमच्यासाठी आहे, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "तुमचं तर ठरलेलं दिसतंय."

या दोघी बहिणींचं एकमेकींना सांगितल्याशिवाय पान हलत नाही. त्यामुळे पुस्तकाची बातमीही पोचली असणार असं मी धरून चाललो. माझं तेवढं एकच चुकलं. बाकी सगळं त्यातूनच आलं.

"कागद कुठे आहेत?" तिने विचारलं.

"टेबलावर. उद्या दहाला द्यायचेत."

"आणि आम्हाला दाखवायचेही नाहीत?"

"तुम्हाला कशाला त्रास?" मी म्हणालो. "पण हवे तर बघ. मी ओळन् ओळ तपासलीय. हरकत घ्यायला जागा नाही."

मेहुणीने साडूंकडे पाहिलं. साडूंनी टेप काढली.

"त्यात आईचं काय ठेवलंय?" ती म्हणाली.

"आईचं? आई राहतच नाही. तिचं विभाजन झालं की दोन मुली होतात, अगदी एकसारख्या. जे आईकडे असतं ते दोघींना जसंच्या तसं मिळतं."

"आणि आई राहत नाही हे तुम्ही इतक्या सहज सांगताय?"

"त्यात काय अवघड आहे? निसर्गनियम आहे. तुझ्या-माझ्या हातात थोडाच आहे?"

मेहुणीचा चेहरा पांढरा पडला, माझ्या अर्ध्या गालासारखा. तिने खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"बरं. आणि त्या मुलाचं काय? आई म्हणत होती, मूल, मूल असं काहीतरी चाललं होतं. ताईचं वय काय, तुमचं काय!"

मूल? मला क्षणभर कळेना. मग आठवलं. शेवटच्या पानांत 'मूलपेशी' होती.

"हां, मूल," मी म्हणालो. "त्याचं पुढे काय होणार ते अजून ठरलेलं नसतं. हाड होईल, रक्त होईल, जसा संकेत मिळेल तसं."

आता मेहुणी बसली.

साडू मात्र कामाला लागले होते. टेपचं एक टोक त्यांनी खिडकीखाली दाबलं आणि उलटं चालत दारापर्यंत गेले. "साडूभाऊ, जरा पाय उचला," ते मला म्हणाले. मी पाय उचलला. "मधोमध भिंत घातली तर शिवणाचं मशीन हलवावं लागेल. आणि चार इंची घाला, नऊ इंची घातलीत तर दोन्हीकडे नुसती गल्ली उरेल."

"कसली भिंत?" मी विचारलं.

"आता कसली म्हणून विचारताय?" मेहुणी म्हणाली. "आईने स्वतःच्या कानाने ऐकलंय."

तेवढ्यात बायको आली. दारात चपला काढता काढता तिला दिसलं ते असं : बहीण खुर्चीत डोळे पुसतेय, मेव्हणे जमिनीवर खडूने रेघ मारतायत, आणि नवरा अर्ध्या दाढीने एक पाय वर करून उभा आहे.

"काय चाललंय?" ती म्हणाली.

कुणी उत्तर द्यायच्या आत सासूबाई खोलीतून बाहेर आल्या. हातात प्रवासाची बॅग होती. बाहेर जायच्या चपला त्यांनी घरातच घातल्या होत्या. त्यांनी बॅग टेबलाशेजारी ठेवली आणि कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"भांडू नका," त्या म्हणाल्या. "मी काल रात्रभर विचार केला. दोघींना समान, हे योग्यच आहे. मी असते तर हेच केलं असतं. म्हणजे अजून आहे, पण केलं नाही. भिंत घाला. भिंतीला माझी हरकत नाही. मला फक्त एवढंच सांगा की माझी खाट कुठल्या बाजूला राहणार. खिडकीकडची बाजू मिळाली तर बरं. दुपारी मला उजेड लागतो. आणि जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, मी माझ्या मैत्रिणीकडे जाऊन राहते. तिला विचारून ठेवलंय."

साडूंनी खडू खिशात टाकला.

"निकामी झाले असेन," सासूबाई म्हणाल्या, "त्याचंही वाईट वाटत नाही. वय झालं की होतंच. पण ते गिळून टाकायचं तेवढं बोलायला नको होतं. आणि जावई म्हणाले, सुरेख."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. मी आजवर त्यांना इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. काय झालंय हे कळत नव्हतं, पण जे काही झालंय ते मीच केलंय एवढं कळत होतं.

"गिळून?" बायको पुटपुटली. तिने टेबलावरचे कागद पाहिले, किल्ल्या पाहिल्या, आणि कागदांवर ठेवलेलं अंगुस्तान पाहिलं. ते तिने बोटात घातलं आणि टेबलावर वाजवलं. टक्.

सासूबाईंनी मान वर केली. "हेच. काल हेच वाजत होतं."

"आई," बायको म्हणाली, "टक् म्हणजे पेशी गं."

"काय?"

"पेशी. शरीरातल्या पेशी. रक्ताच्या, कातडीच्या. यांच्या छापखान्यातलं पुस्तक आहे. दर ओळीला पेशी पेशी म्हणून माझं तोंड दुखायला लागलं, म्हणून मी टक् करत होते. आई नाही राहत म्हणजे तू नाही. पेशीची आई. तिच्या दोन पेशी होतात."

मेहुणीने हातातला रुमाल डोळ्यांवरून तोंडावर नेला. आधी तिचे खांदे हलले, मग खुर्ची हलली. साडू म्हणाले, "म्हणजे भिंत नाही?" आणि त्यांच्या आवाजात किंचित निराशा होती असं मला आजही वाटतं. बायको हसता हसता आईच्या गळ्यात पडली आणि तिथे गेल्यावर रडायला लागली. मीही हसत होतो. अर्ध्या गालावरचा साबण वाळून कडक झाला होता, त्यामुळे हसू एकाच बाजूने येत होतं.

एकट्या सासूबाई हसल्या नाहीत.

"वाच," त्या म्हणाल्या.

"अगं आई, झालं ना आता."

"एकतीस वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलंय मी. माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल तर मला ऐकू दे. वाच. आणि ते बोटातलं काढून ठेव."

बायकोच्या हाताला लागले ते मी तपासलेले कागद. सासूबाईंनी खुर्ची फिरवून डावा कान पुढे केला. आम्ही सगळे भोवती बसलो. बायकोने विभाजनाची नोंद वाचली, नियोजित पेशीमृत्यूची वाचली, या वेळी एकही पेशी न गाळता. सासूबाईंचा चेहरा हळूहळू सैल होत गेला.

"कन्यापेशी म्हणतात होय," त्या म्हणाल्या. "मुलगे नाहीत. हे बाकी शहाणपणाने ठेवलंय नाव. पुढे?"

"वनस्पतिपेशी," बायकोने वाचलं. "वनस्पतिपेशीला बाहेरून पेशीभित्तिका असते. हे तिचे वेगळेपण होय. प्राणिपेशीला पेशीभित्तिका असते—"

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "भिंतीचं पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"झाडाच्या पेशीला भिंत असते, हे तिचं वेगळेपण. आणि प्राण्याच्या पेशीलाही असते. मग वेगळेपण राहिलं कुठे?"

मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "सासूबाई, शास्त्र आहे ते. त्यात आपण—"

"जावईबापू, मूळ कागद बघा."

मी मूळ हस्तलिखित काढलं. प्राध्यापिका बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : प्राणिपेशीला पेशीभित्तिका नसते. छापताना 'न'चा 'अ' झाला होता. एक अक्षर. आणि त्याच्याच वरती होती ती मुद्रितशोधन करणाऱ्या विकराची नोंद, जी वाचून मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. ते विकर म्हणे कोट्यवधी अक्षरांत एखादीच चूक सोडतं. मी तेराव्या पानावर सोडली होती.

शाळेतल्या हजारो मुलांनी पाठ केलं असतं की गाईला, मांजराला आणि खुद्द आपल्यालाही भिंती असतात.

"पहिल्यापासून वाच," सासूबाई मुलीला म्हणाल्या.

मग दिवसभर तेच चाललं. बायको आणि मेहुणी आळीपाळीने छापलेले कागद वाचत होत्या. मी मूळ हस्तलिखितावर बोट ठेवून होतो, या वेळी नजरेसकट. साडूंनी चहा केला आणि खडूची रेघ पुसली. सासूबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्यांचं बोट वर जायचं आणि मी ती ओळ शोधायचो. संध्याकाळपर्यंत आणखी तीन चुका निघाल्या. तीनही माझ्या नजरेखालून गेलेल्या. 'गुणसूत्रे' एका ठिकाणी 'गुणसुत्रे' झाली होती, हेसुद्धा त्यांनी कानाने पकडलं. कारण मेहुणीने तो शब्द छापलाय तसाच आखूड वाचला. मी म्हणालो, छापखान्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसालाही हे ऐकू येत नाही. "तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत ना, म्हणून," त्या म्हणाल्या.

शिवाय आणखी एक निघाली, ती मात्र छापखान्याची नव्हती. एका पानावर लिहिलं होतं, 'प्रत्येक पेशीत केंद्रक असते.' पुढे रक्ताच्या नोंदीत होतं, 'माणसाच्या परिपक्व लाल रक्तपेशीत केंद्रक नसते.'

"प्रत्येक म्हटलं की प्रत्येक," सासूबाई म्हणाल्या. "मग लाल पेशी कुठे गेली? विचारा त्या बाईंना."

लेखकाला प्रश्न विचारणं हे आमचं काम नव्हे. आम्ही ऱ्हस्व-दीर्घाची माणसं. पण त्यांनी पेन मागितलं. घरात कापडावर खुणा करायचं जांभळं पेन तेवढं सापडलं. त्याच पेनाने समासात त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं : 'दोन ठिकाणी दोन गोष्टी. कोणती खरी?' खाली सही करू का म्हणून विचारत होत्या. मी कसंबसं थांबवलं.

बॅग त्यांनी स्वतःच रिकामी केली. मैत्रिणीला फोन केला, "अगं, रद्द. पेशी निघाल्या." मैत्रिणीला काय कळलं असेल कोण जाणे. मेहुणी आणि साडू संध्याकाळच्या बसने परत गेले. जाताना साडूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साडूभाऊ, भिंत नसली तरी या खोलीची फरशी बदलायला झालीय हो." मी म्हणालो, बघू.

सोमवारी पावणेदहाला मी गठ्ठा मालकांच्या टेबलावर ठेवला. समासातलं जांभळं अक्षर खोडायची फार इच्छा झाली होती, पण ते कापडावरचं पेन, पाण्याशिवाय निघत नाही. म्हणून तसंच दिलं आणि जागेवर जाऊन मान खाली घालून बसलो.

अकरा वाजता मालकांनी आत बोलावलं. फोन नुकताच खाली ठेवला होता.

"प्राध्यापिका बाईंशी बोललो," ते म्हणाले. "त्या लाल रक्तपेशीचं विचारलं. बाईंनी आपल्याकडची प्रत उघडून पाहिली. मग म्हणाल्या, 'बहुतेक पेशींत' असं करा, आणि ज्यांनी हे पकडलं त्यांना माझे आभार सांगा. सात जणांनी वाचलं होतं म्हणे, कुणाच्या लक्षात आलं नाही."

"ठीक आहे," मी नम्रपणे म्हणालो.

"हे जांभळं अक्षर तुमचं नाही."

"नाही."

"मग कुणाचं?"

"सासूबाईंचं," मी म्हणालो, आणि मग घडलेलं सगळं सांगून टाकलं. लपवून काय होणार होतं? मालक एरवी हसत नाहीत. त्या दिवशीही हसले नाहीत. सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि जांभळं अक्षर आणखी एकदा वाचलं.

"सकाळच्या वेळी मोकळ्या असतात का त्या?" त्यांनी विचारलं.

"वाचायला?" मी म्हणालो. "वाचायला आपला पूर्णविराम आहे की. उद्यापासून येतोय."

"वाचायला नाही," मालक म्हणाले. "तपासायला."

मी म्हणालो, विचारून सांगतो.

याला आता तीन आठवडे होऊन गेले. मालक दर सोमवारी आठवण करतात. मी सासूबाईंना अजून विचारलेलं नाही. त्या नाही म्हणतील अशी मला मुळीच भीती वाटत नाही, म्हणूनच.